बधिर मूठ

मित्रांनो, मी एक जुनं खोटं पोट आहे. खऱ्या पोटाला धक्का न लावता डॉक्टरांनी दुर्बिणीची शस्त्रक्रिया शिकावी म्हणून मला घडवलं. शिकणाऱ्याने डोळ्यांवर जाड चष्मा चढवला की त्याला समोर यकृत दिसतं, पित्ताशय दिसतं आणि हातातल्या दोन मुठी म्हणजे त्याचे चिमटे होतात. त्या मुठींत बारीक मोटारी आहेत. अवयव जोरात ओढला की त्या हाताला मागे खेचतात. 'बाळा, बेताने' असं सांगणारी माझी वाचा तीच.

आलो तेव्हा माझे फार लाड झाले. पाहुणे येत, फोटो काढत. मग नव्याची नवलाई सरली आणि माझ्या अंगावर जेवणाचे डबे, ओल्या छत्र्या पडू लागल्या. एके दिवशी उजवी मोटार जळाली. मूठ बधिर झाली. मित्रांनो, देवाने देहाला दुखणं दिलं ही त्याची केवढी दया! दुखलं की माणूस कण्हतो तरी. मला कण्हता येईना, आणि पडद्यावर सरावाचे गुण मात्र पूर्वीसारखेच उमटत राहिले.

त्याच वर्षी एक मुलगी शिकायला आली. हात इतका हलका, की सोबतचे तिला 'पीस' म्हणत. सर्जन व्हायचं, एवढाच तिला ध्यास. उजव्या मुठीला काहीच लागत नाही, असं तिने विभागाच्या मोठ्या सरांना सांगितलं.

"गुण किती पडले?" सरांनी विचारलं.

"शंभर, सर."

"मग बिघडलंय कुठे? शंभर मिळाल्यावर रडणारी तू पहिलीच."

सगळे हसले. तीही हसली आणि रोज येऊन सराव करत राहिली. अडवणारं कोणी नव्हतं, म्हणून तिचा हात जड होत गेला. मला ते कळत होतं, सांगता येत नव्हतं.

पुढे एका बाईंच्या खऱ्या पोटात तिने पित्ताशय तसंच ओढलं. यकृत फाटलं, रक्त थांबेना, शेवटी पोट उघडावं लागलं. त्या बाई वाचल्या, देवाची कृपा. पण पीसला पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी कोणी उभं केलं नाही. जाण्याआधी ती माझ्याजवळ आली, माझी बधिर मूठ हातात घेऊन हळूच म्हणाली, "तुलाही कुणी विचारलं नाही ना रे?"

मित्रांनो, यंत्रं पुसून ठेवावीत, हे खरंच. पण कोणी 'इथे काही लागत नाही' म्हणालं, तर आकडे दाखवू नका; एकदा आपला हात लावून पाहा. मोठ्या सरांनी अजून लावलेला नाही. आज नवी तुकडी आली. पहिल्याने मूठ धरली आणि खूश होऊन म्हणाला, "काय हलकं चालतंय हे!"

त्याच्यामागे रांग लागली आहे.