चादर कोणी भिजवली?

मित्रांनो, मी एक म्हातारा ससा आहे. आता जे सांगणार आहे ते आठवले की माझे कान अजूनही आपोआप पाठीला चिकटतात. तरी सांगतो.

माझे नाव बटण. कपडे शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी मी मुठीएवढा असताना आलो. त्यांच्या मुलीने, छोटीने, मला पंधरा दिवसांत शहाणे केले. शिलाई मशीनमागच्या कोपऱ्यात एक पसरट डबा होता. खाली वर्तमानपत्र, वर सुके गवत. शू आणि लेंड्या तिथेच. पाच वर्षांत एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही. माप द्यायला आलेली गिऱ्हाइके कौतुक करायची. बाई गळ्यात टेप अडकवून म्हणायच्या की आमच्या घरात सगळ्यात शिस्तीचा हाच. खोटे कशाला बोलू, मला त्याचा फार गर्व होता.

बाईंचे सासरे, म्हणजे छोटीचे आजोबा, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. सदरा कडक इस्त्रीचा, आणि आपला भार कोणावर पडू द्यायचा नाही. दुपारी ते कॉटवर पेपर वाचत आणि मी त्यांच्या पायाशी लोळत असे.

सहाव्या वर्षी माझे काहीतरी बिनसले. डब्यात उडी मारताना पोटात कळ यायची. आत कितीही वेळ बसलो तरी काही होत नसे, आणि बाहेर आलो की पायपुसण्यावर सांडत असे. मला कळायच्या आत होऊन जायचे. बाईंनी आधी नुसते पुसले, मग रागावल्या, मग नवा डबा आणला. पुढे पुढे त्या माझ्याकडे बघेनाशा झाल्या. ते फार लागले. मी मशीनखाली तोंड लपवून बसू लागलो.

एके दिवशी एका मास्तरांचा निळा कोट खुर्चीवरून घसरून खाली पडला आणि मी नेमका त्यावर चुकलो. डाग वाळून पांढरा झाला. बाईंना वाटले, कापडावर खुणा करायचा आपलाच खडू लागला असेल. बोटाने झटकला तर हाताला बारीक रेती लागली आणि वास आला. कोट धुवावा लागला. मास्तर रिकाम्या हाताने परत गेले. दिलेला शब्द बाईंनी कधी मोडला नव्हता.

त्याच आठवड्यात आजोबांच्या कॉटवरची चादर ओली सापडली.

मित्रांनो, ती मी भिजवली नव्हती. कॉटवर उडी मारण्याची ताकदच माझ्यात उरली नव्हती. पण मला बोलता कुठे येते? बाई मला म्हणाल्या, "आता हद्द झाली." आजोबा तिथेच उभे होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

ठरले असे की मला रोपवाटिकेतल्या माळीकाकांकडे द्यायचे, म्हणजे अंगणात कुठेही घाण केली तरी चालेल. छोटी रडून रडून दमली. सकाळी बाईंनी मला टोपलीत घातले आणि चपला पायात सरकवल्या. तेवढ्यात आजोबा दारात आडवे आले. त्यांचा सदरा त्या दिवशी चुरगळलेला होता.

"सूनबाई, चादर त्याने नाही भिजवली. मी भिजवली."

बाईंना वाटले, नातीसाठी बोलत असतील.

"दोन महिने झाले," आजोबा खाली बघून म्हणाले. "तुम्ही उठायच्या आत धुऊन टाकतो. त्या दिवशी जमलं नाही. तू त्याचं नाव घेतलंस आणि मी गप्प बसलो. मुक्या जिवावर ढकललं गं मी."

बाईंनी टोपली खाली ठेवली. मग हळूच विचारले, "दुखतं का तुम्हाला?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली. बाईंची नजर माझ्याकडे वळली. हा प्रश्न मला कोणीच विचारला नव्हता, हे बहुधा तेव्हाच त्यांच्या लक्षात आले. त्यांचा चेहरा पडला.

रोपवाटिकेऐवजी मी प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी त्या पांढऱ्या रेतीचे सांगताच डॉक्टरांनी पोट चाचपले, एक्स-रे काढला. मूत्राशयात खड्यांचा गाळ साठला होता. मला गुंगी देऊन त्यांनी तो धुऊन काढला. जास्त पाणी, भरपूर गवत आणि कमी दाणे असे पथ्य सांगितले. दुसऱ्या दिवशी बाई आजोबांना त्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

घरी आल्यावर बाईंनी जाड कात्रीने माझ्या डब्याची पुढची कड कापून बुटकी केली, म्हणजे मला उडी मारायला नको, आणि बोचू नये म्हणून तिला कापडाची पट्टी चिकटवली. तोंडाने माफी मागितली नाही. कापताना डोळे मात्र पुसत होत्या.

मी अजूनही कधीतरी चुकतो आणि माझे कान पडतात. जुनी खोड आहे ती. पण मित्रांनो, तुमच्या घरात कोणी, चार पायांचे किंवा दोन पायांचे, अचानक चुकू लागले तर रागावण्याआधी क्षणभर थांबा. खाली वाका आणि दुखतंय का ते विचारा.

आमच्याकडे हल्ली सकाळी आजोबा दार उघडे ठेवून हाक मारतात, "सूनबाई, आज चादर बदलावी लागेल." बाई मशीनवरूनच ओ देतात, "असू द्या, आले मी."