गळ्यावरचं बोट

सांगलीत फिजिक्स घेऊन बीएस्सी झालो आणि १९७४च्या जूनमध्ये कडेगावच्या अलीकडच्या एका हायस्कुलात लागलो. शास्त्राचे तास आधीच वाटले गेले होते, म्हणून आठवीचं इंग्रजी माझ्याकडे आलं. तोवर ते मधुकरसर शिकवायचे. मला कायम करायचं की काढायचं, हे संस्थेचे अध्यक्ष आकारामआबा दिवाळीआधी ठरवणार होते.

मधुकरसरांनी शिकवलं तसं वर्ग एका सुरात 'वॉकेड, जंपेड' म्हणायचा. मी सांगितलं, 'वॉक'च्या शेवटी गळा गप्प असतो म्हणून पुढे 'ट' येतो, 'वॉक्ट'. 'प्ले'च्या शेवटी थरथरतो म्हणून 'ड'. 'कॅट्स'चा शेवट गप्प, 'डॉग्ज'चा थरथरता. 'वॉन्टेड'मध्ये मात्र मधुकरसरांचं 'एड' बरोबर होतं, तेही सांगितलं. माझ्यावर विश्वास ठेवू नका, गळ्यावर बोट ठेवून तपासा, म्हणालो.

मधुकरसर दारात उभे होते. "बीएस्सी, भाषा कानानं शिकतात. नरडं धरून नव्हे."

पुढच्या आठवड्यात तानुबाई शाळेत आली. तिची मुलगी माझ्या वर्गात, नवरा फौजेत. आमच्याकडे गळ्याची कातडी चिमटीत धरून शपथ घेतात, आणि ती खोटी ठरली तर घरातलं माणूस जातं असं मानतात. मधुकरसर चुकीचं शिकवतात, अशा शपथा मी पोरांना गळा धरून घ्यायला लावतो, असं कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

"माझा मालक तिकडं बंदुकीम्होरं हाय," ती म्हणाली, "आन तुमी हितं पोरीला गळा धराया लावताय?"

आबांनी तिला, मला आणि मधुकरसरांना बोलावून घेतलं. मी थरथर समजावू लागलो, पण कुणी गळ्याला हात लावेना. "शास्त्र ऱ्हाऊ द्या," म्हणून आबांनी मला थांबवलं आणि शपथा ऐकल्या कुणी, ते विचारलं. मधुकरसर म्हणाले, आपण स्वतः ऐकल्या.

"मग गळा धरून सांगा, सर," आबा म्हणाले.

मधुकरसरांची आई महिनोन्‌महिने अंथरुणावर होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्यांनी हात वर नेला. बोटं हनुवटीला टेकली आणि तिथंच थांबली.

"जरा खाली, सर," मी म्हणालो.

हात खाली आला तो थेट खिशात गेला. असल्या अडाणी गोष्टी आपण मानत नाही, असं ते म्हणाले.

"मग ह्या बाईला कशाला मानाया लावल्या?" आबांनी विचारलं.

तानुबाई उठली आणि आमच्यापैकी कुणाकडेही न बघता निघून गेली. आबांनी मला ठेवलं, पण गळ्याला हात लावायचा नाही या अटीवर.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना तळहातांनी दोन्ही कान घट्ट झाकायला सांगितलं. 'डॉग्ज'चा शेवट लांबवला की डोक्यात घणघण होते, 'कॅट्स'ला होत नाही. प्रयोग गळ्याइतकाच चोख निघाला. मधुकरसर पुन्हा दारात येऊन थांबले.

"सबंध वर्गाला कान धरायची शिक्षा," ते म्हणाले. "आबांच्या कानावर घालायला हवं."

पोरांचे कान झाकलेले होते. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.