टिकल्या लावलेलं घुबड

घुबड होतं, म्हणून सुलभाबाईंनी छापलेलं कापड त्या हयात असताना आखातातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी प्रदर्शनात लागलं नाही. लक्ष्मीची पूजा दणक्यात, तिच्या वाहनाला मात्र दारात बंदी. बाई गेल्या आणि महिन्याभरात त्याच मंडळाला त्यांच्या कलेचा उमाळा आला. ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये स्मृतिप्रदर्शन ठरलं. गिरिजाने आईचं कापड दिलं ते एकाच अटीवर: घुबडाला घुबड म्हणायचं आणि आई ते कुणाकडून शिकली ते सांगायचं.

शारजात त्यांच्या शेजारी पूर्वी एक कॅनेडियन नर्स राहायची. तिच्या घरी इनुइट बायकांनी, म्हणजे आपण ज्यांना एस्किमो म्हणतो त्यांनी, हाताने छापलेला पडदा होता. सुलभाबाई कापडछपाई शिकलेल्या. त्या पडद्यापुढून हलेनात.

"बघ गिरिजा, कातड्याचे आकार कापून कपड्यांवर शिवणारे हात हे. म्हणून कड कशी सुरीने कापल्यासारखी! छापायची रीत जपानकडून घेतली म्हणतात. पण एवढी मोकळी जागा सोडायची छाती यांचीच."

मग बाल्कनीत स्टेन्सिल कापून त्यांनी स्वतःचं घुबड छापलं. मोठं, काळं, एकटं. बाकी कापड कोरं.

कोरं म्हणजे मंडळाची सजावट बघणाऱ्या नर्मदाकाकूंच्या मते अर्धवट.

गिरिजा हॉलवर पोचली तेव्हा घुबडाला शेपूट फुटलं होतं, निळ्या-हिरव्या टिकल्यांचं. खाली पाटी: 'वारली शैलीतील मोर'.

"कसं उठून दिसतंय!" नर्मदाकाकू म्हणाल्या. "खपले गं मी त्यावर. आई खूश झाली असती."

जिवंत माणसाला निदान नको म्हणता येतं, गिरिजाच्या मनात आलं.

अध्यक्ष चंद्रहासकाका लगबगीने आले. "हे बघ, पब्लिकला एस्किमो कोण समजावणार? वारली म्हटलं की आपलं वाटतं. स्पॉन्सर येतायत. त्यात श्रद्धांजलीला घुबड! खलास, विषय संपला, आता वाद नको."

"काका, मोर पाहिलाय तुम्ही?"

"म्हणजे काय!"

"मग बरं. मला वाटलं, तोही स्पॉन्सरनेच सांगितला."

मागे एक पोरगं आईचा पदर ओढत होतं. "मम्मा, व्हाय इज द आउल वेअरिंग सीक्विन्स?"

"पीकॉक म्हण रे, पीकॉक."

गिरिजाने कापड भिंतीवरून उतरवलं. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली बारीक कात्री घेतली आणि पहिल्या रांगेत बसून एकेक टिकली उसवायला लागली. "अगं, अगं!" काकू कुजबुजल्या. तोवर स्पॉन्सर स्थानापन्न झाले होते आणि काकांचं भाषण सुरू झालं होतं. पाठ केलेलं भाषण ते. भिंत रिकामी आहे हे त्याला कोण सांगणार? मागच्या रिकाम्या भिंतीकडे हात करून काका मोराचा डौल वर्णन करत राहिले. समोर स्पॉन्सर माना डोलावत होते.

शेपूट गेलं, पण सुईची भोकं राहिली. गिरिजाने बोट फिरवून पाहिलं. ती बुजणार नव्हती. मग तिने उठून कापड पुन्हा टांगलं. काकांच्या खांद्यामागून घुबडाचे दोन गोल डोळे हॉलकडे बघू लागले. लोक खुसखुसले. काका थबकले, वळले.

"हे घुबड आहे," गिरिजा शांतपणे म्हणाली. "माझ्या आईने केलेलं. इनुइट बायकांच्या कामावरून शिकून."

लोकांच्या माना काकांकडे वळल्या.

"तेच तर मी सांगत होतो," काका माइकवर म्हणाले, आणि टाळ्याही त्यांनीच सुरू केल्या.