लाल वायरची टोपली

मी टोपली बोलतेय. प्लॅस्टिकची नव्हे, वेताची. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली लोक आम्हाला सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजतात आणि मला ते मुळीच खपत नाही.

माझा जन्म भर बाजारात झाला. शहर संपता संपता जी नवी वस्ती लागते, जिथं निम्म्या इमारतींत माणसं राहायला आली आहेत आणि उरलेल्यांना अजून खिडक्याही बसलेल्या नाहीत, तिथं पाण्याच्या टाकीखाली एक मोकळं मैदान आहे. दर रविवारी सकाळी तिथं बाजार भरतो. जवळच्या मळ्यांतली भाजी येते, मध येतो, गरम पाव येतो, हातानं केलेले साबण आणि मातीचे कप येतात. तिथली अट एकच: जो विकेल त्यानं ते स्वतः पिकवलेलं नाहीतर स्वतः बनवलेलं असलं पाहिजे. म्हणून तिथले बरेचसे कारागीर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत काम करत बसतात. नाहीतर लोक विश्वास कसा ठेवणार?

माझ्या आईला सगळा बाजार वेतकाकू म्हणतो. तिचं खरं नाव मलाही ठाऊक नाही. घमेल्यात वेत भिजत घालायचा, आधी बूड विणायचं, मग उभ्या काड्या वर वळवून भोवतीनं वीण चढवत न्यायची, आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू ठेवायचा, ही तिची रीत. "सरळ बस गं, पोक काढू नकोस," असं ती मला विणताना म्हणाली होती. मी आजवर पोक काढलेलं नाही.

मला घेऊन गेली ती एक सूनबाई. ती वस्तीत नवखी आहे हे मी लगेच ओळखलं, कारण टोमॅटो दाबून बघण्याआधी ती परवानगी मागत होती. जुनी गिऱ्हाइकं असलं काही करत नाहीत. ती टोमॅटो दाबतात, भेंडी मोडतात, पेरूचा वास घेतात, मधाचे तीन नमुने चाटतात आणि "नुसतं बघतोय हो" म्हणून पुढं जातात.

सूनबाईच्या मागून दोन पावलं अंतर ठेवून तिचे सासरे चालत होते. हात पाठीशी, नजर जमिनीवर. एवढा रंगीबेरंगी बाजार समोर असताना माणूस जमिनीकडं बघत चालतो, तेव्हा समजावं की आत काहीतरी बिनसलंय.

घरी मला दाराजवळ, चपलांच्या मांडणीशेजारी जागा मिळाली. तिथं आधीपासूनच एक तपकिरी बॅग उभी होती, गच्च भरलेली, चेन लावलेली. ती सासऱ्यांची. ते दुसऱ्या एका जुन्या गावात वायरमन होते. उभी हयात लोकांच्या घरांत दिवे लावण्यात गेली. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इकडं आणलं, पण त्यांचं मन काही रमेना. येत्या पहिल्या तारखेला परत जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं आणि बॅग भरून दाराशी आणून ठेवली होती, म्हणजे कुणी वाद घालायला नको.

सूनबाई तरीही घालायची. "बाबा, तिकडं एकटे काय करणार तुम्ही?"

"इकडं तरी काय करतो? तिकडं निदान भिंती मला ओळखतात."

"आणि माझं काय? तुमचा मुलगा उजाडायच्या आत कामावर जातो आणि रात्री जेवायच्या वेळेला येतो. तुम्ही गेलात की दिवसभर मी कुणाशी बोलू? फ्रिजशी?"

यावर सासरे उठून बॅगेची चेन नीट लागलीय का ते बघायचे. मला मात्र सूनबाईची फार कणव यायची. ते फारसं बोलत नसले तरी घरात खोकत होते, चष्मा शोधत होते, चहा मागत होते, आणि तिला तेवढाही आधार होता.

दर रविवारी ती त्यांना काही ना काही कारण काढून बाजारात न्यायची. "मला ओझं उचलवत नाही हो बाबा," असं म्हणायची. पाण्याचा भरलेला जार एका हातानं उचलून ठेवणारी बाई ती! पण सासऱ्यांना हे कोण सांगणार? ते मुकाट्यानं मला उचलायचे आणि मुकाट्यानं परत आणायचे.

असंच एकदा भोपळेवाल्यानं सूनबाईला "ताई, तुमच्याइतकी पारख कुणाला नाही" असं म्हणून हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि बाजारातला सगळ्यात मोठा भोपळा तिच्या गळ्यात मारला. तो माझ्या पोटात कोंबला. उतारावर येताच कट्कन आवाज झाला आणि माझी दांडी एका बाजूनं मोडली. भोपळा सुटला तो रस्त्यानं गडगडत निघाला, आणि त्याच्यामागं सासरे धावले. इतक्या दिवसांत त्यांना धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. माझी दांडी मोडली होती तरी मला हसू आवरेना.

घरी आल्यावर त्यांनी आपली हत्यारांची पेटी काढली. वायरमनच्या पेटीत काय असणार? पक्कड, टेप, आणि उरलेल्या वायरींची भेंडोळी. त्यांनी लाल वायर निवडली, माझ्या मोडक्या दांडीभोवती गरगरा गुंडाळली आणि पकडीनं पीळ देऊन अशी करकचून आवळली, की मी टोपली आहे की टेबलफॅन, असा मलाच प्रश्न पडला. पण ते काम करताना गुणगुणत होते. मग मी तक्रार कशाला करू?

पुढच्या रविवारी सूनबाई मुळे निवडत होती आणि सासरे मला घेऊन वेतकाकूच्या समोरून चालले होते. तेवढ्यात काकू कडाडली, "ओ! थांबा! माझ्या टोपलीचं हे काय केलंत?"

"तुमची कशी? तुम्ही तर विकलीत."

"मुलगी दिली म्हणून सासरच्यांनी तिचं काहीही करावं का? हे काय गुंडाळलंय?"

"वायर आहे. आत शुद्ध तांबं. जन्मात हलायची नाही."

"अहो, हलत नाही हेच तर दुखणं आहे! ओझं उचललं की वेत वाकतो, खाली ठेवलं की सरळ होतो. तुम्ही त्याच्या मुसक्या बांधल्यात. आता तो दुसरीकडं मोडणार." काकूनं वायरच्या खाली बोट लावून दाखवलं. तिथं खरंच एक नवी चीर पडली होती.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, चीर नीट बघितली. मला वाटलं, आता हे माफी मागणार. पण ते म्हणाले, "तुमची दांडीच मुळात बारीक होती."

झालं! विळ्या-भोपळ्याचं सख्य जमलं. काकू म्हणाली, माझ्या टोपल्यांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. सासरे म्हणाले, कुणी भोपळा ठेवून बघितला नसेल. काकू म्हणाली, भोपळा टोपलीत नाही, खांद्यावर नेतात. मधवाल्यानं बरण्यांची झाकणं लावली आणि नीट ऐकू यावं म्हणून जवळ सरकला. पाववाली उघडउघड काकूच्या बाजूची होती.

आरडाओरडा ऐकून सूनबाई मुळ्यांची जुडी घेऊन धावत आली. आली आणि थबकलीच. सासऱ्यांचा चेहरा लाल झाला होता, हात पाठीशी नव्हते तर हवेत होते, आणि आवाज थेट पाण्याच्या टाकीपर्यंत पोचत होता. तिनं घाईघाईनं नवऱ्याला फोन लावला.

"अरे, ऐक ना, बाबा भांडतायत! नाही नाही, काळजीचं काही नाही. चांगलं भांडतायत! मोठ्यानं! थांब, तूच ऐक." आणि तिनं फोन उंच धरला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती.

शेवटी काकू म्हणाली, "एवढं कळतं ना तुम्हाला? मग बसा इथं आणि करून दाखवा."

"बसतो की. भितो काय मी?"

ते उलट्या क्रेटवर बसले ते दुपारपर्यंत. आधी काकूनं त्यांना सगळी वायर सोडवायला लावली. मग ओल्या वेताची कांब हातात दिली. त्यांनी वायर ताणतात तशी ती ताणली आणि मोडली. दुसरीही मोडली. "ओढू नका हो, तो काय बैल आहे?" काकू ओरडली. तिसरी मात्र वळली, थोडी नाखुशीनंच. माझी दांडी नवी झाली. आणि मग काकूनं, कुणी बघत नाही असं समजून, मुठीच्या जागी तीच लाल वायर सैलसर गुंडाळली. "नुसती शोभेला," ती पुटपुटली. "पकडायला बरी लागेल."

गंमत पुढंच आहे. जाणारी-येणारी माणसं मला पाहून थांबू लागली. "ती लाल वायरवाली टोपली कितीला?" एक झालं, दोन झाली, काकू वैतागली. बाजाराची अट तिला तोंडपाठ होती. "ती वायरची कल्पना माझी नाही, या काकांची आहे. ते स्वतः बसले तरच विकता येईल." मग सासऱ्यांकडं वळून म्हणाली, "पुढच्या रविवारी येताय ना?"

"पुढच्या रविवारी मी नसेन. पहिल्या तारखेला गावी चाललोय."

सूनबाईनं मान खाली घातली. काकूनं मात्र ऐकलंच नाही, किंवा ऐकूनही सोडून दिलं. "बुधवारी माझ्या शेडवर या. वेताची जुडी देते, घरी हात बसवा. आणि येताना मोठी पिशवी आणा, इवलीशी नको."

बुधवारी सकाळी सूनबाई आतल्या खोलीत भाजी निवडत बसली होती. सासरे घरभर मोठी पिशवी शोधत फिरले. स्वयंपाकघरात पाहिलं, माळ्यावर पाहिलं. मग दाराशी आले आणि त्या तपकिरी बॅगेसमोर उभे राहिले. मी श्वास रोखला.  मग ते वाकले, चेन उघडली, आतले सगळे कपडे काखेत मारले, खोलीत नेऊन पलंगावर ओतले, आणि रिकामी बॅग घेऊन निघून गेले. 

सूनबाई पाणी प्यायला उठली तेव्हा तिला पलंगावरचा ढीग दिसला. मग दाराजवळची रिकामी जागा दिसली.  ती एकेक शर्ट झटकून, घडी घालून कपाटात लावू लागली. मध्येच एकदा तिनं सदऱ्याला डोळे पुसले.

सासरे वेत घेऊन परतले. ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "बाबा, कपडे कपाटात ठेवलेत."

"हं," ते म्हणाले. आत जाता जाता थांबले. "खालच्या कप्प्यात नको ठेवू. मला वाकवत नाही."

पहिली तारीख आली आणि गेली. तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

आता माझं सांगते. सासऱ्यांनी पहिली टोपली पुरी केली. खरं सांगू? ती एका बाजूला कलते, बूड डगमगतं आणि वीण अशी की लिंबू ठेवलं तर वाटेत हरवेल. पण सूनबाई आता बाजारात तीच नेते. कुणी विचारलं की ताठ मानेनं सांगते, "आमच्या बाबांनी केलीय." मी स्वयंपाकघरात असते, कांदे-बटाटे सांभाळते. पहिले काही दिवस फार जळफळाट झाला. आता रविवारी घर रिकामं झालं की मी कांद्यांना बाजाराच्या गोष्टी सांगते. कांदे ऐकून घेतात. दुसरं करणार काय?

तुम्हाला एकच विनंती. तुमच्याही वस्तीच्या टोकाला असा एखादा बाजार भरत असेल, तर जा. तिथं टोपल्यांमागं क्रेटवर बसलेले एखादे चष्मेवाले काका दिसले आणि त्यांची टोपली वाकडी वाटली, तर मनातल्या मनात हसू नका. मोठ्यानं हसा. खुशाल नावं ठेवा. ते तावातावानं उठतील, हातवारे करतील, वेत म्हणजे काय हे तुम्हाला ओरडून समजावतील. तुम्हाला घाई असली तरी थांबा. त्यांना मनसोक्त भांडू द्या.