पाटीभर कुजका पाला

“अक्का, पाहिलंत का? यंदा बुंधाच दिसेना झालाय!” सुप्रभा पाटापलीकडून ओरडली आणि लगडलेल्या कोकोच्या शेंगांवर तिनं कौतुकानं थापटी मारली.

“दृष्ट लागेल हो,” भुवनेश्वरी हसून म्हणाली. हसू ओठांवर होतं, मनात मात्र जळफळाट चालला होता.

दोघी जावा, तंजावरी मराठी घरातल्या. तंजावूरजवळच्या त्या गावात दोघा भावांनी नारळाची बाग वाटून घेतली होती आणि मधून पाण्याचा पाट वाहत होता. नारळाच्या सावलीत कोको लावायची कल्पना थोरल्या भुवनेश्वरीची. नवरा नको म्हणत असताना तिनं रोपं आणली, जिवापाड जपली. धाकटीनं तिचं पाहून लावली, आणि शेंगा धरल्या त्या धाकटीच्या झाडांना! थोरलीची फुलं उमलत आणि गळून जात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

बरं, बागा पाहाव्यात. भुवनेश्वरी रोज सकाळी पानन् पान झाडून जाळायची. तिच्या जमिनीवर पंगत बसवावी. सुप्रभाच्या बागेत पाय टाकला की घोटा कुजक्या पाल्यात रुतायचा. केळीचे खुंट तिथंच, शेंगांची सालं तिथंच, आणि बाईसाहेब दुपारी खुशाल आडव्या! देवाला डोळे आहेत की नाहीत?

तिच्या नवऱ्यानं, गोपालकृष्णांनी, तर निकालच दिला. “पोंगल झाला की तोडून टाकू ती झाडं. हौस भागली की आता?”

हौस हा शब्द तिला लागला. घर, बाग, विहीर, सगळं त्यांचं नाहीतर त्यांच्या वडिलांचं. ही झाडं तेवढी तिची होती.

रोपं देणाऱ्या कंपनीची जननी पाहणीला आली तेव्हा भुवनेश्वरीनं तिला तमिळमध्ये चांगलं फैलावर घेतलं. “तिला निवडक रोपं दिलीत आणि मला उरलीसुरली!”

“अम्मा, सगळी एकाच वाफ्यातली.” जननीनं बुंध्यावरचं नखाएवढं फूल दाखवलं. “हे फूल इतकं अडचणीचं, की मधमाशी आत शिरत नाही. मोहरीहून बारीक रानचिलट असतं, तेच पराग नेतं. ते आलं नाही की फूल गळतं.”

“मग माझ्याकडे का येत नाही ते?”

“राहील कुठं? ओल्या, कुजक्या पाल्यात त्याची अंडी, त्याच्या अळ्या. तुम्ही त्याचं घर रोज जाळता.” तिनं पाटापलीकडे बोट केलं. “तिकडून थोडा पाला आणून बुंध्यांशी पसरा.”

माणसं धाकटीकडे जातातच, हसरी ना ती! आता चिलटंसुद्धा तिचीच? भुवनेश्वरी धुमसत राहिली. तिनं स्वतःचा पाला झाडायचा थांबवला, पण तो नुसता वाळून कुरकुरत होता. कुजायला वेळ लागणार, आणि पोंगल तोंडावर आला होता. शेवटी एका सकाळी रिकामी पाटी घेऊन ती पाट ओलांडून गेली.

“या की अक्का! कॉफी ठेवत्यें.”

“कॉफी नको. तुझा कुप्पै पाहिजे. पाटीभर.”

“कुप्पै? कचरा?” सुप्रभाला हसू फुटलं. “अय्यो, तुम्हीच आल्यागेल्याला सांगता की, धाकटीच्या नारळीच्या तोप्पूत जाऊ नका, नुसता कचरा म्हणून!” थोरलीचा चेहरा पाहून तिनं हसू आवरलं.

“चिलटं असतात म्हणे त्यात. माझी झाडं तोडायला निघालेत हे.” भुवनेश्वरीनं रिकामी पाटी खाली ठेवली. “मला तुझा हेवा वाटतो, सुप्रभा. फार वाटतो.”

“ठाऊक आहे, अक्का.”

सुप्रभा खाली बसली. वरचा पाला बाजूला सारून तिनं तळचा, अगदी काळा आणि ओला पाला दोन्ही हातांनी पाटीत भरला. मग पाटी उचलून थोरलीच्या डोक्यावर दिली. “जड आहे. सांभाळा.”

पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. थोरल्या घरची सून, आणि डोक्यावर कचरा! पाटीतलं काळं पाणी कपाळावरून, नाकावरून ओघळत तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते पुसलं नाही. दोन्ही हातांनी पाटी घट्ट धरून ती सावकाश चालत राहिली, हिसका बसून आतलं एकही चिलट उडून जाऊ नये म्हणून.