टोपलीतली मुलं

नेरूळच्या नव्या कॉलनीत आम्हाला येऊन वर्ष झालं होतं. पंच्याऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत माझ्या नवऱ्यानं, नंदकुमारनं, व्हिडिओ भाड्यानं आणला आणि आमच्या मीनाला आणि बिल्डिंगमधल्या पोरांना एक जुना, गाजलेला परदेशी कार्टूनचा सिनेमा दाखवला. त्यातली राजकन्या गोरी, तिची आई गोरी, परीसुद्धा गोरी. काळी बाई सगळ्या सिनेमात एकच. तिच्या नाकात मोठी नथ, डोक्यावर टोपली. दारोदार हिंडायची आणि एकटं मूल दिसलं की टोपलीत घालून न्यायची. शेवटी ती कड्यावरून पडली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दोन दिवसांनी सकाळी गच्चीत कपडे वाळत घालून खाली आले, तर दार सताड उघडं आणि मीना घरात नाही. सहा वर्षांची पोर. जिना पाहिला, शेजारच्या वैजयंतीकडे पाहिलं, मग बिल्डिंगच्या मागे धावले. तिथं नव्या इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं होतं. एका खड्ड्यात लाल चप्पल तरंगत होती. मीनाची चप्पल निळी, हे आठवायला मला किती वेळ लागला!

"सुनीती," मागून आलेली वैजयंती म्हणाली, "मघाशी कोळीण वर आली होती ना?"

कोळीण म्हणजे करावे गावची गोजरा. वर्षभर माझ्या दाराशी ती माशांची पाटी उतरवत होती, मीनासाठी एखादी चिंबोरी जास्तीची टाकत होती. तरी त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आली ती सिनेमातली टोपली.

तळमजल्यावरचे दिनानाथ पावणे गावच्या कारखान्यातली रात्रपाळी करून झोपले होते. आरडाओरडा ऐकून ते बनियनवरच धावले आणि गोजराला गेटपाशी गाठलं. मी पोचले तोवर वीसेक माणसं जमली होती.

"पोरगी कुठाय? बोल!"

"कंची पोरगी? माना काय ठावं नाय वो!"

कुणीतरी पाटी उलटी केली. बोईट मासळी मातीत पसरली. दुसऱ्यानं तिचा अंबाडा धरून मान मागं खेचली. गर्दीत तिला मी दिसले.

"बाय, तू सांग गो यांना! तू वलकतस माना!"

हिनं नेलीच नसेल, अशी खात्री मला वाटत नव्हती. एका माणसाच्या हातात वीट होती. ती मी पाहिली, आणि तरी गप्प राहिले.

"सापडली! मीना सापडली!" वैजयंती ओरडत आली.

मीना जिन्याखालच्या पंपाच्या खोलीत, मोटारीमागे अंग चोरून बसली होती. जिन्यात खेळताना गोजराची हाक ऐकून लपली होती. "ती मला टोपलीत घालणार होती," मीना म्हणाली.

माणसं पांगली. फुटलेल्या बांगडीनं गोजराचं मनगट कापलं होतं. तिला उठवायला मी हात पुढं केला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

त्यानंतर ती आली नाही. पंधरा दिवसांनी मी मीनाला घेऊन करावे गावात गेले. आम्हाला पाहताच गोजरा दारातून मागं सरली.

"पोरीला म्होरं नको आनू. परत वरडली तं?"

मी अंगणातच खाली बसले. माफी मागितली, सिनेमापासून सगळं सांगितलं. ती उंबऱ्याआत उभी राहून ऐकत होती.

"त्या शिनेमात आमच्यासारकी दुसरी कोन नाय? चांगली?"

"नाही."

"मंग पोरीचा काय चुकला?" ती म्हणाली. "तुजा चुकला. तू तं माना वलकत व्हतीस."



माघात ती पुन्हा कॉलनीत यायला लागली, पण गेटच्या आत कधी आली नाही. मीच मीनाला घेऊन खाली जायची. पहिल्या दिवशी मीनाचा तळहात माझ्या हातात घामानं भिजला होता. गोजरा तिच्याकडे बघत नव्हती. पानात मासे बांधताना तिची नजर सारखी गेटकडे जात होती; दोरा दोनदा सुटला, तेव्हा गाठ शेवटी मीच मारली.