सुरीचं काम

“हनुवटीवरचं तेवढं घ्या काढून,” नवरीची आई खुर्ची पुढे ओढत हलक्या आवाजात म्हणाली. “आणि ओठाच्या कडेला पण जरासं आहे. दिसतंय ना?”

दिसत होतं. पडद्यावर नवरी मोकळेपणाने हसत होती आणि तिच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला बदामाएवढा पांढरा डाग होता. कोडाचा डाग. अंगावरचा रंग जिथे जिथे सुटतो तिथे पडतो तसा.

“सगळ्या फोटोंत काढू?” पेन्सिलकाकांनी विचारलं.

“सगळ्याच. येणारेजाणारे अल्बम बघतात हो. नंतर बोलतात ते मलाच ऐकून घ्यावं लागतं.” तिने दाराकडे एकदा बघून घेतलं. “आणि तिला लगेच सांगू नका. जरा हट्टी आहे. एकदा छापून हातात पडला की काही बोलायची नाही.”

मुलीला विचारलंत का, हा प्रश्न पेन्सिलकाकांच्या घशापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला. त्यांच्या आयुष्यातले बरेच प्रश्न असेच अर्ध्या वाटेवरून परत फिरलेले होते. ते म्हणाले, “होऊन जाईल.”

झालंही. एकशे चाळीस फोटो, दीड दिवस. हाताला सवय होती. आता पडद्यासमोर बसत असले तरी नाव पेन्सिलकाकाच राहिलं होतं, कारण या फोटोच्या दुकानात ते लागले तेव्हा फोटोतला चेहरा सुधारायचा म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिल चालवायची, अशीच रीत होती. खिडकीशी तिरकी काच, काचेवर निगेटिव्ह, डोळ्याला भिंग आणि हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. मुरमं, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरचे देवीचे व्रण, सगळं या पेन्सिलीखाली गेलं. गिऱ्हाईक फोटो बघून खूश व्हायचं आणि आरशावर चिडायचं, असं थोरले मालक म्हणत.

पेन्सिलीचं काम निरुपद्रवी होतं. चुकलं तर टर्पेंटाइनचा बोळा फिरवायचा, निगेटिव्ह पुन्हा पहिल्यासारखी. पण पेन्सिल चालायची ती काळ्या डागांपुरती. पांढरा डाग निगेटिव्हवर काळा उमटतो. तो घालवायचा तर सुरी घ्यावी लागायची आणि निगेटिव्हवरचा थरच खरवडावा लागायचा, श्वास रोखून, केसाकेसाने. सुरीचं काम फार थोड्यांना जमे. पेन्सिलकाकांना जमत असे. आणि सुरीने गेलं ते गेलंच, त्याला कुठलाही बोळा नव्हता.

दोन दिवसांनी नवरी अल्बमचे फोटो निवडायला आली. एकटीच आली. धाकटे मालक गल्ल्यावर होते. थोरले गेल्यापासून दुकान तेच बघत. पेन्सिलकाकांनी तिला आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि फोटो पुढे सरकवायला सुरुवात केली. पाच-सहा फोटो पुढे गेले. मग तिने पडद्याजवळ तोंड नेलं. तिच्या हनुवटीवरचा खरा डाग आणि पडद्यावरची गुळगुळीत हनुवटी शेजारी शेजारी आल्या.

“काका, ही कोण?”

पेन्सिलकाकांच्या हातातला माउस जागच्या जागी राहिला. हेच दोन शब्द त्यांनी पूर्वी एकदा ऐकले होते. दुसऱ्या तोंडून, बेचाळीस वर्षांपूर्वी.

“काय आहे ताई,” ते म्हणाले, “हल्लीची मशीन्स. आपोआपच करतात. आपण सांगायची गरजच पडत नाही.”

“मशीन कसलं, ताई!” धाकटे मालक गल्ल्यावरून कौतुकाने म्हणाले. “आमच्या काकांचा हात आहे तो. एकशे चाळीस फोटो, एका तरी ठिकाणी सांधा दाखवा. मी तर म्हणतो, यांना एकदा माझ्या बायकोच्या स्वभावावर बसवावं.”

कुणी हसलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी माणूस शाळकरी पोरासारखा खोटं बोलताना पकडला जातो, आणि पकडून देणारा त्याची स्तुती करत असतो.

मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिने विचारलं, “आईने सांगितलं ना?”

पेन्सिलकाकांनी मान हलवली. खरं सांगायचं म्हणून नव्हे, त्या बाईच्या पदराआड उभं राहायला मिळतंय म्हणून. हेही त्यांना त्याच क्षणी कळलं.

“मला विचारायचं होतंत, काका. चेहरा माझा आहे.” ती शांतपणे म्हणाली. “लग्नात मी रंग थापू दिला नाही. मेकअपवालीशी भांडले त्यासाठी. नवऱ्याला पहिल्या भेटीत दाखवला होता.”

“तसं वाईट नव्हतं मनात—”

“तुमच्या नसेल. आईच्याही नाही. पण हा वाढणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय. दहा वर्षांनी कदाचित अर्ध्या चेहऱ्यावर असेल. मग लग्नात तो केवढा होता, ते मी कुठे बघू?”

पेन्सिलकाकांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि एक कळ दाबली. संगणकावरचं काम म्हणजे काचेवर काच ठेवण्यासारखं. वरची उचलली की खालची जशीच्या तशी. बदामाएवढा डाग जागेवर आला. मुलीने आपल्याच हनुवटीला बोट लावलं, आणि पहिल्यांदा हसली.

“असेच ठेवा सगळे. आईला मी सांगते. तुमच्यावर येऊ देणार नाही.”

हे शेवटचं वाक्य तिने चांगुलपणाने म्हटलं होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. कुणावर काही येऊ न देण्याचं काम खरं म्हणजे वडीलधाऱ्याचं.

ती गेल्यावर ते माळ्याची शिडी चढले. जुन्या निगेटिव्हच्या खोक्यांवर थोरल्या मालकांच्या अक्षरात वर्षं लिहिलेली होती. हवं ते खोकं शोधायला वेळ लागला नाही. त्यांना ते कुठे आहे हे बेचाळीस वर्षं माहीत होतं आणि बेचाळीस वर्षं ते त्या कोपऱ्याकडे जायचं टाळत होते.

“काय शोधताय काका?” खालून धाकटे मालक.

“आमची आहे एक. लग्नातली.”

“न्या की घरी. सगळं भंगारातच द्यायचंय मला.”

खिडकीशी उभं राहून त्यांनी निगेटिव्ह उजेडावर धरली. दोन खुर्च्या, दोन माणसं. काळ्या चेहऱ्याचा, पांढऱ्या केसांचा तरुण तो, म्हणजे आपण. शेजारी ती. त्यांनी खिशातलं भिंग लावलं. ओठाखाली बारीक, समांतर, अतिशय सफाईदार ओरखडे होते. त्या वयातलं त्यांचं सगळ्यात सुंदर काम. त्याखाली काहीही उरलेलं नव्हतं.

बायकोने त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. चहाचे कप मध्ये होते आणि तिने हनुवटी वर करून दाखवली होती. “हे बघून घ्या. वाढेल असं म्हणतात.” ते म्हणाले होते, “वाढू दे की.” हे तीन शब्द ही त्यांच्या आयुष्यातली एकमेव शूर गोष्ट होती. पुढे महिनाभर ते त्या शब्दांच्या जोरावर उजळ माथ्याने हिंडले. मग लग्न झालं, निगेटिव्ह समोरच्या काचेवर आली, आणि उद्या हा फोटो दुकानातल्या दोरीवर वाळत असताना बाकीचे काय म्हणतील, मामाकडे पाठवल्यावर मामी कुणाला काय सांगेल, हे डोळ्यापुढे यायला लागलं. आई काही बोलली नव्हती. कुणीच एक शब्द बोललं नव्हतं. तरी सुरी त्यांच्याच हातात आली.

फोटो बघून बायकोने विचारलं होतं, “ही कोण?” आणि ते म्हणाले होते, “अगं, उजेड जास्त झाला. डाग उठलाच नाही.” तिने फोटो स्वतःच भिंतीवर लावला. विषय संपला, असं त्यांना वाटलं. त्यानंतर मात्र तिने कधी दुकानात येऊन फोटो काढून घेतला नाही. सुनेच्या मोबाइलसमोरही कुणाच्या तरी मागे उभी राहायची. एकदा कुठल्याशा ओळखपत्रासाठी फोटो लागला, तेव्हा तो ज्या पाकिटात आला त्यावर समोरच्या चौकातल्या दुकानाचा शिक्का होता. फोटोवाल्याची बायको दुसऱ्या फोटोवाल्याकडे. त्यांनी ते पाकीट पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं. चव्हाट्यावर न येताही माणसाची शोभा होऊ शकते.

ते नेहमीपेक्षा तासभर लवकर घरी आले. बायको टेबलाशी मटार सोलत बसली होती. आता डाग राहिला नव्हता, म्हणजे चेहराच डाग झाला होता. कपाळाची एक पट्टी आणि उजव्या कानाजवळचा थोडा भाग तेवढा जुन्या रंगाचा उरला होता. बाकी सगळी ती दुधासारखी पांढरी.

“लवकर?” ती म्हणाली. “काढून टाकलं की काय?”

“नाही.” ते समोर बसले. एक शेंग उचलली, सोलली नाही. “तुला एक सांगायचंय.”

“मग सांगा. शेंगेला कशाला छळताय?”

“आपल्या लग्नाचा तो फोटो. उजेड वगैरे काही जास्त झाला नव्हता. तो डाग मी काढला होता.”

बायकोचा अंगठा शेंगेच्या शिवणीवरून सरकत राहिला. दाणे वाडग्यात पडले.

“माहीत आहे,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तेव्हापासूनच. फोटो आणलात त्याच्या आदल्या दिवशी डाव्या करंगळीला पट्टी बांधून आला होतात. पेन्सिलीने कुणाचं बोट कापतं का?”

त्यांनी आपल्या करंगळीकडे बघितलं. व्रण कधीच नाहीसा झाला होता.

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलाल म्हणून थांबले.” तिने टरफलं एका बाजूला केली. “पहिली दोन-चार वर्षं. मग मुलं झाली, त्या गडबडीत थांबायचं विसरले.”

“मला लाज वाटत होती.”

“माझी?”

“तेव्हा, हो. तुझीच. नंतर माझी.”

हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना वाटलं की आता ती उठून आत जाईल. ती उठली नाही. नुसतं म्हणाली, “चला. बेचाळीस वर्षांत एक वाक्य तरी घोटून घोटून गुळगुळीत न करता बोललात.”

ते उठले. भिंतीवरची फ्रेम उतरवली, मागचे खिळे चाकूने वाकवून फोटो बाहेर काढला. कपाटातून जुनी पेटी आणली. तीत बारीक केसांचा ब्रश होता आणि पांढऱ्या रंगाची वडी होती, सुकून भेगाळलेली. वाटीत पाण्याचे दोन थेंब घेऊन त्यांनी ती ओली केली. हात अजून स्थिर होता, त्याबद्दल शंका नव्हती. टेबलावरच्या दिव्याखाली फोटो धरून त्यांनी ब्रशाला टोक काढलं आणि त्या तरुण, निर्मळ हनुवटीवर नेलं.

आणि तिथेच थांबले.

भिंगाखाली दोन तास त्यांनी तो डाग पाहिला होता. त्याची कड न् कड खरवडली होती. इतका वेळ तिच्या चेहऱ्याकडे त्यांनी त्याआधी किंवा त्यानंतर कधी पाहिलं नसेल. त्यांनी डोळे मिटले. बदामासारखा आठवला, पण तो त्या मुलीचा होता.

“अगं,” ते अपराधी आवाजात म्हणाले, “कसा होता तो? गोल होता की लांबट?”

बायको वाडगं बाजूला ठेवून त्यांच्या शेजारी आली. तिने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

“मला आरशात उलटा दिसायचा,” ती म्हणाली. “सरळ बघितलेले तुम्हीच.”

मग आपल्या आताच्या हनुवटीवर तिने बोट ठेवलं, डावीकडे सरकवलं, पुन्हा थोडं वर घेतलं. सगळीकडे सारखंच पांढरं होतं. बोटाला थांबायला कुठे कड सापडत नव्हती.

“इथेच कुठेतरी,” ती म्हणाली.

पेन्सिलकाका ब्रश धरून तिच्या बोटाकडे बघत राहिले. टोकावरचा रंग सुकला. त्यांनी तो पुन्हा पाण्यात बुडवला.